मोरखिंडीपलीकडचा उतार

"उतरायचं ना, साहेब?" निवृत्तीनं जीप खिंडीच्या तोंडाशी उभी करून विचारलं.

मागे चढून आलेला घाट होता, पुढे खोल, धुरकट कोकण. समोरचा रस्ता एक वळण घेऊन करवंदीच्या जाळ्यांआड गडप होत होता. मी तेवढाच पाहिला.

"खालपर्यंत किती आहे?"

"चौदा किलोमीटर. उतरायला पाऊण तास, परत चढायला तास तरी धरा. त्यात तुम्ही दर वळणाला थांबून लिहिणार."

मी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता.

पंच्याण्णव सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. पुण्याहून निघून कोकणात उतरून सहा टप्प्यांत कोल्हापूर गाठणारी सायकल शर्यत बारा दिवसांवर आली होती. संघांना पुरस्कर्ते होते, बक्षिसं घसघशीत होती, म्हणून आयोजक तिला व्यावसायिक शर्यत म्हणत आणि आम्हीही तसंच छापत होतो. मी पुण्याच्या एका दैनिकात क्रीडा वार्ताहर होतो. शर्यतीआधी सहा दिवस, रोज एका टप्प्यावर एक लेख, ही कल्पना माझीच. रस्ता कसा आहे, चढ कुठे आहे, वारा कुठून लागेल, सायकलवाल्यांचा घोळका कुठे फुटेल, हे सगळं स्वतः बघून लिहायचं. त्यासाठी ऑफिसनं जीप दिली आणि निवृत्ती पांगारे नावाचा मितभाषी ड्रायव्हर दिला. तीन टप्पे बघून झाले होते. आजचा चौथा टप्पा, कराडहून मोरखिंड चढून खाली कोकणात, सगळ्यांत अवघड.

पण सकाळी कराडहून ऑफिसला फोन केला तेव्हा आमचे क्रीडा संपादक करंदीकर म्हणाले होते, "मोकाशी, आज रात्री आठच्या आत ऑफिसात पोचून मैदानाचा पास घेतोस का? उद्या सकाळी पाहुण्या संघाचा सराव सामना आहे. आपला क्रिकेटवाला तापानं फणफणलाय. नसशील पोचत तर दुसऱ्या कुणाला सांगतो."

सहा वर्षं मी खो-खो, कबड्डी, कुस्ती आणि सायकली लिहीत होतो. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, जाहिरात जास्त आली तर तोही नाही. क्रिकेट मला कुणी दिलं नव्हतं. मी म्हणालो, "पोचतो, सर."

खिंडीत एक चहाची टपरी होती. तिथं खालून चढून आलेला एक ट्रकवाला बशीत चहा ओतून पीत बसला होता. मी जीपमधूनच त्याला विचारलं, "खालचा रस्ता कसा आहे हो?"

"एकदम लोणी!" तो म्हणाला. "गेल्या साली डांबर पडलंय."

मी वहीत लिहून घेतलं. निवृत्ती माझ्याकडे बघत होता.

"बघून येऊ की, साहेब. इथवर आलोच आहोत."

"अरे, उतार तो उतार. सायकलवाल्यांना काळजी असते ती चढाची. फिरव गाडी."

त्यानं गाडी फिरवली. उरलेले दोन टप्पे मी सामन्यानंतर पुन्हा येऊन नीट पाहिले. हा उतार तेवढा राहिला.

चौथ्या टप्प्याचा लेख सहाही लेखांत सरस झाला, असं करंदीकर म्हणाले. त्यातली वाक्यं मला आजही पाठ आहेत. "मोरखिंडीपर्यंत शर्यत पायांची असेल, खिंडीनंतर ती छातीची होईल. पुढचा चौदा किलोमीटरचा उतार लोण्यासारखा आहे. ज्याला हा टप्पा जिंकायचा आहे त्यानं ब्रेक विसरावेत."

शर्यत सुरू झाली. मी आणि निवृत्ती रोज मागून जीपमधून. तिसरा टप्पा कराडला संपला आणि स्पर्धकांची उतरण्याची सोय तिथल्या एका शाळेत होती. संध्याकाळी पाच-साडेपाचला मी शाळेच्या मैदानात गेलो. सगळीकडे सायकली उलट्या करून ठेवलेल्या, कोणी साखळीला तेल देतंय, कोणी पाय चोळून घेतंय. मोठ्या संघांकडे गाड्या होत्या, मेकॅनिक होते, मालिशवाले होते. एका कडुनिंबाखाली मात्र एकच जण एकट्यानं आपलं चाक सरळ करत बसला होता.

त्याला मी ओळखत होतो. दस्तगीर शिकलगार. सांगलीजवळच्या गावातला, सव्वीस वर्षांचा, वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी फाटकं बनवणारा. एका छोट्या क्लबच्या नावावर उतरला होता, पण संघ म्हणजे तो आणि त्याची पिशवी. तीन टप्प्यांनंतर त्याचा एकूण वेळेत चौथा नंबर होता आणि त्याच्याबद्दल सगळ्या संघांत कुजबुज सुरू झाली होती. शर्यत बघायला नोकरीसाठी खेळाडू निवडणारे एक गृहस्थ आले होते. पहिल्या तिघांत आलास तर कायमची नोकरी आणि सराव करायला वेळ, असं ते त्याच्याशी बोलले होते.

मला बघून तो उठला, हात पुसले. "या साहेब. तुमचीच वाट बघत हुतो."

"माझी?"

त्यानं पिशवीतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात माझे सहाही लेख कापून, घड्या घालून ठेवले होते. "माझ्याकडं गाडी न्हाई. मार्ग बघाय जायचं म्हंजी दुकान बंद ठेवाय लागतंय. ह्येच वाचून आलोय मी. पैल्या तीन टप्प्यांत तुमी लिवलेला एक खड्डा चुकला न्हाई बघा. कराडच्या अलीकडचा रेल्वे फाटकाचा उंचवटासुद्धा."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

"उद्या चढात मला कुणाला मागं टाकता यायचं न्हाई," तो पुढे म्हणाला, "पण मला कोण सोडून जात पण न्हाई. खिंडीत पाच-सहा जण संगट जाणार. मग जे काय हाय ते उतारावर. मी जरा उताराला अंग चोरतो, साहेब. लहानपणी एकदा पडलोय." त्यानं चौथा लेख उलगडला आणि त्या ओळीवर काळं बोट ठेवलं. "ह्ये ब्रेक विसरायचं लिवलंय. तुमी सवता बघितलाय न्हवं उतार? वरपासनं खालपातूर?"

निवृत्ती माझ्या मागे चार पावलांवर उभा होता.

त्या वेळी मी नाही म्हणू शकलो असतो. दहा शब्दांचं काम होतं. म्हणू शकलो असतो की वरवर पाहिलाय, जपून जा. पण सहाही कात्रणं त्याच्या हातात होती आणि तो माझ्याकडे असा बघत होता, जसं माझ्याकडे तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

"बघितलाय की," मी म्हणालो. "बिनधास्त जा."

"बास मग," तो हसून म्हणाला आणि कात्रणं परत पिशवीत ठेवू लागला.

जीपचं दार निवृत्तीनं जरा जोरात लावलं. 

दुसऱ्या दिवशी दस्तगीर म्हणाला होता तसंच झालं. मोरखिंडीच्या टपरीपाशी पाच जण एकत्र पोचले आणि त्यांत तो होता. आम्ही त्यांच्या जरा मागे होतो. खिंड ओलांडली आणि पहिल्याच वळणावर तो बाकी चौघांना सोडून सुटला. हँडलवर छाती टेकलेली, पाठ सपाट. त्या दिवशी आमच्या जीपमध्ये आलेला दुसऱ्या वर्तमानपत्राचा वार्ताहर ओरडला, "अरे, हा कोण? हा तर उडतोय!" मीही ओरडत होतो. जीप त्या वेगानं उतरूच शकत नव्हती. दोन वळणांत पाचही जण दिसेनासे झाले.

सातव्या किलोमीटरला आम्हाला गर्दी दिसली.

डोंगराच्या पोटाला चिकटून गेलेलं आंधळं वळण होतं. वळण संपता संपता अर्धा रस्ता मोरीसाठी खणलेला आणि उरलेल्या अर्ध्यावर बारीक खडी पसरलेली. लाल झेंडी घेतलेला एक स्वयंसेवक खडीच्या पलीकडे उभा होता. अलीकडून तो दिसत नव्हता. खडीवर चाकाची एक लांब, वाकडी रेघ उमटली होती आणि रेघ संपली तिथं कठडा नव्हता.

दस्तगीर दहा-बारा फूट खाली झाडीत पडला होता. शुद्धीवर होता. एक मांडी नको त्या ठिकाणी वाकली होती. चार-पाच जणांनी त्याला वर आणला, तेव्हा तो एकच विचारत होता, "बाकीचे? बाकीचे गेले?"

"गेले," कोणीतरी म्हणालं. "हळू होऊन, कडेकडेनं गेले."

त्यानं डोळे मिटून घेतले.

रुग्णवाहिका गेल्यावर मी तिथं काम करणाऱ्या मुकादमाला गाठलं. "ही खडी कधी टाकली?"

"दिवाळीपासनं पडलीय ही, साहेब. शर्यतवाल्यांच्या दोन-तीन गाड्या आठवड्यामागं बघून गेल्या. खाली उतरून, पायांनी ढकलून बघितलं त्यांनी. मला वाटलं, समद्यांना म्हाईत असंल."

मोठ्या संघांच्या गाड्या होत्या त्या. त्या चौघांना ते वळण पाठ होतं.

निवृत्तीनं हे ऐकलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

शर्यत कोल्हापूरला संपल्यावर दुसऱ्याच दिवशी मी सांगलीला दवाखान्यात गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. पायऱ्या चढताना वाक्यं जुळवत होतो. दस्तगीरचा पाय वजन लावून टांगलेला होता, खांद्याला पट्टा. उशाशी त्याची बायको जैतून बसली होती. लग्नाला वर्षही झालं नसेल. मी आत पाऊल टाकलं तसा तोच आधी बोलला.

"साहेब, तुमी मनाला लावून घिऊ नका."

"दस्तगीर, मी..."

"न्हाई, ऐका. तुमी बघितला तवा रस्ता चांगलाच असणार. मागनं कुणी खडी टाकली, त्येला तुमी काय करणार? आन् बाकीचे चौघं गेलेच की. त्यांना दिसली, मला दिसली न्हाई. डोळा माझाच चुकला."

जैतून माझ्याकडे बघत होती. तिनं उठून मला स्टूल दिलं.

मी "हं" म्हणालो.

एवढंच. फक्त हं. स्टुलावर दहा मिनिटं बसलो, सोबत नेलेली मोसंबी दिली, आणि आलो.

पुढं माझं बरं चाललं. त्या सराव सामन्याचं वर्णन वरिष्ठांना आवडलं होतं. क्रिकेट माझ्याकडे आलं ते कायमचं. दौरे झाले, परदेश झाला, करंदीकरांच्या खुर्चीत बसलो. एक नियम मात्र मी पाळला. स्वतः न बघितलेल्या गोष्टीवर एक ओळ लिहिली नाही. नव्या वार्ताहरांना त्यावरून झापत असे, आणि ते माझ्या काटेकोरपणाच्या गोष्टी सांगत. हे आपलं प्रायश्चित्त आहे अशी मी समजूत करून घेतली होती. सोयीचं होतं ते. त्यात कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं.

दस्तगीरची खबर अधूनमधून कळायची. पाय बरा झाला. पण शर्यतीत पुन्हा कधी उतरला नाही. मग बऱ्याच वर्षांनी कळलं, मुलींना सायकलिंग शिकवतो. आणि दोन हजार तेरामध्ये त्याच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीनं राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. आमच्या दैनिकाला मुलाखत हवी होती. कुणालाही पाठवता आलं असतं. निवृत्ती त्याच वर्षी वारला होता. त्याच्या दहाव्याहून परत येताना मी ठरवलं, आपण जायचं.

सांगलीच्या वेशीबाहेर त्याचं बैठं घर आणि शेजारी पत्र्याची शेड होती. सकाळचे दहा वाजले होते. मुली सराव करून गेल्या होत्या. दस्तगीर शेडमध्ये स्टुलावर बसून चाकाच्या तारा आवळत होता. केस पांढरे झाले होते. चालताना डावा पाय किंचित ओढायचा, इतकंच. मला बघताच त्यानं मिठी मारली. "जैतून!" त्यानं घराकडे हाक दिली, "बघ कोण आलंय! दवाखान्यात आल्याले साहेब. च्या टाक."

मुलाखत झाली. त्यानं पदकवालीबद्दल भरभरून सांगितलं. "पोरींना कसले कसले रस्ते चालायला लावतो मी. म्हणतो, उतार पायानं उतरा आदी. डोळ्यावर भरवसा ठेवू नका, डोळा फसवतोय. मला फसवलं न्हवं का."

मी वही मिटली.

"दस्तगीर, मोरखिंडीचा उतार मी बघितला नव्हता."

"काय?"

"मी खिंडीतूनच परत फिरलो होतो. क्रिकेटच्या सामन्याला जायचं होतं म्हणून. एका ट्रकवाल्याला विचारून लिहिलं. आणि शाळेत तुम्ही विचारलंत तेव्हा बघितलाय म्हणालो, ते खोटं होतं."

तो हातातलं चाक हळूहळू फिरवत होता. फिरवतच राहिला.

"ती खडी नंतर पडलेली नव्हती," मी म्हणालो. "दिवाळीपासून होती. मोठ्या संघांच्या गाड्या आठवड्यापूर्वी जाऊन ती बघून आल्या होत्या."

चाक थांबलं.

"म्हंजी त्या चौघांना..." तो म्हणाला. "त्यांना ती दिसली न्हवती?"

"नाही. त्यांना माहीत होती. वळणाच्या अलीकडून ती कुणालाच दिसत नव्हती. मी तिथं उभं राहून पाहिलंय."

शेडच्या पत्र्यावर ऊन तापायला लागलं होतं. पत्रा मधूनच कडकड वाजे. दस्तगीर समोरच्या भिंतीवर टांगलेल्या मुलींच्या सायकलींकडे बघत होता.

"पाय सा म्हैन्यात जुळला, साहेब," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणले, बस सायकलीवर. बसलो. चढाला पयल्यासारखाच हुतो. निवडवाल्यांचं पत्र आलेलं, फुडच्या साली ये म्हणून. पर उतार आला की हात ब्रेकवरनं निघंना. चौघांना दिसलं आन् मला दिसलं न्हाई, म्हंजी माझ्यातच काय तरी खोट हाय, असं बसलं डोक्यात. लई घालवायचा प्रयत्न केला. न्हाई गेलं. मग सायकल इकून टाकली."

मी मान खाली घातली.

"तुमी दवाखान्यात आलतासा," तो म्हणाला.

"हो."

"तवा जर सांगितलं असतंसा, तर फुडच्या साली मी गेलो असतो."

तो हे रागानं म्हणाला नाही. रस्ता सांगावा तसं म्हणाला. अठरा वर्षं मी खिंडीतल्या त्या दीड वाजताच्या घड्याळाला दोष देत आलो होतो. त्याचा पाय माझ्या लेखानं मोडला, असंच मी धरून चाललो होतो, आणि पाय तर सहा महिन्यांत जुळला होता.

"मला माफ करा, असं म्हणायला तोंड नाही माझं," मी म्हणालो.

"ते ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. त्यानं चाक बाजूला ठेवलं, पण उठला नाही. "जैतून आत हाय. सायकल इकली तवा तिनं मला एकदाच इचारलेलं, तुमी घाबरलासा का? मी व्हय म्हणालो. पुना कदी इचारलं न्हाई तिनं. जावा, तिला सांगा. मी सांगितलं तर वाटंल, इतक्या वर्सांनी कायतरी जुळवून बोलतोय."

"तुम्हीही चला."

"न्हाई. तुमीच जावा."

मी चपला बाहेर काढून घरात गेलो. जैतून ओट्यापाशी उभी होती. तिनं कपबशा मांडून ठेवल्या होत्या, शेजारी ताटलीत खारी. "बसा की साहेब. साखर चालती न्हवं?"

"भाभी, आधी मला काही सांगायचंय," मी म्हणालो, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खिंड, ट्रकवाला, शाळेचं मैदान, मुकादम, दवाखान्यातलं स्टूल. कुठंही थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढं जाता आलं नसतं.

ती चहाच्या पातेल्याकडे बघत ऐकत होती. मी संपवल्यावर तिनं विचारलं, "ह्या अठरा वर्सांत सांगलीला तुमचं येणं झालं न्हाई?"

"झालं."

"किती येळा?"

सामने होते, स्पर्धांची उद्घाटनं होती, एका स्नेह्याच्या मुलीचं लग्न होतं.

"दहा-बारा वेळा," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. उकळी फुटत आलेल्या चहाखालचा गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं, आणि डोक्यावरचा पदर नीट करत माझ्या बाजूनं बाहेर गेली, शेडकडे, त्याच्याजवळ.